मुलगा काय करतो?

उधन्याला मुलगी बघायला गेलेल्या योगेशला सुवर्णा बघताक्षणी आवडली. तेवढ्यात तिच्या वडिलांनी, मारुतीरावांनी, नेमका नडणारा प्रश्न विचारला. “काम काय करता?”

“पीएच.डी. करतो. इंग्रजीत जाण्या-येण्याची क्रियापदं असतात ना, त्यांत कोण निघतं, काय नेतं, कुठून कुठं पोचतं, ते मी शोधतो.”

“म्हणजे ट्रान्सपोर्ट,” मारुतीराव खुशीत म्हणाले. त्यांची उभी हयात साड्यांची पार्सलं रवाना करण्यात गेली होती.

“नाही हो. खरं तर कुणीच कुठं जात नाही. सगळं वाक्यातल्या वाक्यात.”

“टेम्पो?”

“नाही.”

“गोडाऊन?”

“वही आहे.”

योगेशने घाईघाईने बशीतलं खमण संपवायला घेतलं, कारण आधीच्या चार घरांत ते याच वळणावर अर्धं राहिलं होतं. सुवर्णाने मात्र हसू दाबत त्याला आणखी वाढलं.

शेवटी मारुतीराव स्वयंपाकघराकडे वळून बायकोला म्हणाले, “अगं, गोळधाणा आण, सोयरीक ठरली, तोंड गोड करू. पस्तीस वर्षांत पहिला ट्रान्सपोर्टवाला बघतोय, ज्याचं एकही पार्सल गहाळ झालेलं नाही.”