फिरायला नव्हे, राहायला

"पाहुणी म्हणून चार दिवस जाते की," म्हातारी म्हणाली. "तेवढ्यावर भागव."

अपोंदीने हातातलं ओलं फडकं बादलीत आपटलं. "चार दिवसांसाठी ओविती किसुमूहून गाडी पाठवणार नाही, आई. राहायला ये म्हणतोय तुझा मुलगा. कायमची."

"ऐकलं. माझा खुबा मोडलाय, कान शाबूत आहेत."

अंगणात घसरून म्हातारीचं हाड मोडलं, तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, पुसणं सगळं लेकीच्या, अपोंदीच्या अंगावर होतं. संडास घरामागे, उतारावर. पावसात त्या चिखलातून जाताना कोण कुणाला धरून चाललंय तेच कळायचं नाही. रात्री कूस बदलताना आता अपोंदीही कण्हायची.

पण म्हातारीकडे कारणांना तोटा नव्हता. आधी म्हणाली, आईने मुलाच्या छपराखाली रात्र काढायची नसते. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ओवितीने परसात वेगळी खोली बांधली, वेगळं दार ठेवलं. मग म्हणाली, खोलीतच संडास? जिथे जेवायचं, तिथेच भिंतीआड बसायचं? मग नळाच्या पाण्याला औषधाचा वास निघाला. मग कोंबड्या आठवल्या.

"कोंबड्या मी बघीन."

"आणि घर?"

"मी आहे ना इथे!"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तू नैरोबीत मावशीकडे वाढलीस. तुला इथलं..."

"झालं सुरू! शहरात वाढलेली, नवऱ्यानं टाकलेली, अडाणी. परत आल्यापासून हेच ऐकतेय."

म्हातारी चुलीकडे बघू लागली.

अपोंदीची बाजू घेणारा एकच माणूस होता, ओगुतू काका. वडील गेल्यावर वाडीतलं सगळं त्यांच्याच शब्दाने चालायचं. पण आवाज कधी चढायचा नाही. येताना तळ्याची ताजी मासळी आणायचे.

"किती करशील एकटी?" ते म्हणाले. "तुझे हाल बघवत नाहीत. वहिनीला मुलाकडे जाऊ दे."

"तिला सांगा ना तुम्ही! रोज नवं कारण काढते."

"मी सांगून कसं चालेल? घर तिचं. तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं, माझ्यासमोर. मग प्रश्न मिटला."

अपोंदीला ते पटलं. मोठ्या माणसासमोर दिलेला शब्द म्हातारी फिरवणार नाही.

शनिवारी गाडी आली. ड्रायव्हरने आणि अपोंदीने म्हातारीला उचलून मागच्या सीटवर बसवलं. काका टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहिले.

"निघालात, वहिनी?"

"जरा हिंडून येते पोराकडे, भाऊजी."

अपोंदीचं डोकं फिरलं. "आई! नीट सांग."

"सांगितलं की."

"हिंडायला नाही. राहायला. म्हण."

ड्रायव्हर उगाच आरसा पुसू लागला.

"तुलाच हवंय ना हे?" म्हातारीने विचारलं.

"हो, मलाच हवंय! माझी पाठ राहिली नाही आता. अजून किती छळशील?"

म्हातारीने अपोंदीचं मनगट धरलं. मग बोलली ती काकांशी, पण बघत होती अपोंदीकडे.

"राहायला चाललेय, भाऊजी. हे घर मी सोडलं."

"ऐकलं, वहिनी," काका हळूच म्हणाले.

म्हातारीने अपोंदीचं मनगट धरलं होतं. एकेक बोट सोडवावं लागलं. "ओवितीकडे तुला काही कमी पडणार नाही," अपोंदी म्हणाली. म्हातारीने मान दुसरीकडे वळवली.

गाडी वळणाआड गेली. अपोंदीने दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ ताणली. किती दिवसांनी अंगण शांत होतं. म्हातारीची खाट हलवली की खिडकीशी शिलाई मशीन बसेल. मागच्या वाफ्यातली भाजीही आता काढायला आली होती. शाळेचे गणवेश शिवायला घेतले, तर एकटीचं सहज भागेल.

"बरं झालं, स्वतः म्हणाली," काका म्हणाले. त्यांनी वर छपराकडे पाहिलं. "नाहीतर वहिनीच्या घराला हात लावायची कुणाची छाती होती? सोमवारी माणसं येतील, पत्रे उतरवायला. चांगले आहेत अजून."

"पण मी आहे ना इथे!" अपोंदी म्हणाली.

"वाडीत लेकीचं घर नसतं. मला वाटलं, तूही त्याच गाडीनं जाशील," काकांनी टोपी डोक्यावर ठेवली. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "मग तुला न्यायला कोण येणार आहे, पोरी?"