राखीव गडी

"माझा राखीव गडी भिमाजी," तुळशीदास म्हणाला, आणि गोरखनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

सलग दुसरं वर्ष! ज्यानं गेल्या हंगामात एकही बास्केट टाकली नाही, त्याला हा माणूस राखून ठेवतो म्हणजे काय? तुळशीदास काही दूधखुळा नव्हता. विहिरीवरच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. नुसत्या वासावरून कुठं बिघाड झाला ते सांगायचा. तो राखीव जागा उगाच वाया घालवील? कुठंतरी पाणी मुरत होतं.

हा खेळ पुण्याच्या होस्टेलवरून आणला होता ऋषी मास्तरनं. डिसेंबरात पारगावला आठ गावांचे बास्केटबॉलचे सामने व्हायचे. ते संघ खरे. चिमाजी शिंप्याच्या दुकानात मात्र ऋषी, चिमाजी, तुळशीदास आणि गोरख अशा चौघांचे संघ कागदावरचे. आठही गावांतले खेळाडू पाळीपाळीनं वाटून घ्यायचे. कोर्टावर आपल्या गड्यानं बास्केट टाकली की कागदावर गुण आपले. गेल्या वर्षीचा एक गडी प्रत्येकाला राखून ठेवता यायचा. आणि गेल्या वर्षी जो शेवटचा आला असेल, त्याला वाटणीआधी दुसऱ्याचा एक राखीव गडी उचलायची मुभा होती.

२००२ साली शेवटचा आला होता गोरख. बेल्ह्याच्या बाजारातला बैलांचा नामी दलाल! नुसत्या चालीवरून जनावराचं वय सांगायचा. वर्षभर गावानं त्याला पिडलं होतं, "भाऊ, बैल कळतो, माणूस कळत न्हाई तुमाला." यंदा पहिलं यायचंच, अशी त्यानं गाठच मारली होती.

भिमाजीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी रिंगखाली उडी मारली, वेडावाकडा पडला आणि उजवा गुडघा गेला. पुन्हा पिरगळला तर पाय कायमचा ताठ होईल, मग ट्रॅक्टर विसरा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आणि भिमाजीचं घर तर उसाच्या ट्रॅक्टरवरच चालायचं. तेव्हापासून तो नावापुरता पारगावच्या संघात होता. कपडे घालून बाकड्यावर बसायचा.

पण गोरखनं बाजारात काय काय पाहिलं होतं! चांगल्या बैलाला लंगडा म्हणून बोंब मारायची, गिऱ्हाईक पांगलं की आपल्याच मेव्हण्यानं तो स्वस्तात घ्यायचा. शिवाय महिनाभर त्यानं पाळत ठेवली होती. दर शनिवारी तुळशीदास तेलाची बाटली घेऊन भिमाजीच्या घरी जायचा. गेल्या आठवड्यात तर भिमाजी ट्रॅक्टरवरून टुणकन उडी मारून उतरला. गोरखनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे गुडघा बरा झाला, आणि ते एकट्या तुळशीदासला माहीत!

"मी भिमाजीला उचलतो," गोरख म्हणाला.

तुळशीदासचा चेहरा उतरला. "गोरखभाऊ, दुसरं कुनीबी घे. माझी पहिली पाळीबी तुला दिली. भिमाजीला सोड."

"लंगड्या गड्यासाठी पहिली पाळी?" गोरखला हसू आवरेना. "का रं?"

तुळशीदासनं तोंड उघडलं, तिघांकडं पाहिलं आणि मिटलं. चिमाजीच्या दुकानात बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं. "त्याचा गुडघा खरंच गेलाय, राव," एवढंच तो म्हणाला.

"मग तू कशाला धरून बसलास?"

ऋषी मास्तरनं भिमाजीचं नाव गोरखच्या संघात लिहिलं. त्या दिवशी गोरख चार घास जास्त जेवला.

पहिल्याच सामन्यात पारगाव सहा गुणांनी मागे पडलं. गोरख मुद्दाम बाकड्याला खेटून बसला होता. तुळशीदास आज प्रेक्षकांत नव्हता. तो पलीकडं कॅप्टनचा हात धरून काहीतरी विनवत होता आणि कॅप्टन नकाराची मान हलवत होता.

भिमाजीनं ट्रॅकपँट काढली. गोरखनं आधी समाधानानं पाहिलं, मग नीट पाहिलं. पट्टीच्या वरखाली गुडघा सुजून टम्म झाला होता. उठताना त्यानं आधी बाकड्यावर हात रोवला, मग सगळा भार डाव्या पायावर घेतला. त्या दिवशी ट्रॅक्टरवरून तो याच एका पायावर उतरला असणार. एवढं जवळून एकदा पाहिलं असतं तर!

"भिमाजी, अरं, तू खेळायला निघालास का काय?"

"तर!" नवी नोकरी लागल्यासारखा भिमाजीचा चेहरा खुलला होता. "कॅप्टन नगं म्हनत व्हता. लई भांडलो त्याच्यासंगं."

"बस खाली. गुडघा बघ तुझा. डॉक्टर काय म्हनला व्हता?"

"डॉक्टरला काय कळतंय, भाऊ?" भिमाजी बुटाची नाडी आवळत म्हणाला. "तुळशीदास माझा मैतर. त्यो मला दयेनं ठेवायचा, कळत का न्हाई मला? म्हनून तर गुमान बाकड्यावर बसायचो. पन यंदा मला तुमी उचललं. आन् तुमी कुनावर दया करत न्हाई, ह्ये सगळ्या तालुक्याला ठावं हाय!"