बाईंचा आकडा

"हं, पहिले दोन अंक?" बाईंनी वहीवर पेन्सिल टेकवली.

"अडतीस. दोनने भाग जातो," शिंप्याने सांगितलं.

"पहिले तीन?"

"तीनशे एक्क्याऐंशी. तीनने जातो."

"बरोबर." वहीत खूण झाली.

चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई त्याची बायको होत्या. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून तोही म्हणायचा. ३८१६५४७२९० हा आकडा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. शून्य ते नऊ सगळे अंक त्यात एकेकदाच. पहिल्या दोन अंकांना दोनने, तिनांना तीनने, चारांना चारने, असं करत अख्ख्या आकड्याला दहाने निःशेष भाग जातो. दहाही अंकांचा असा दुसरा आकडाच नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, पाठ झाल्याशिवाय जेवण मिळणार नाही असा दम भरून, त्यांनी तो नवऱ्याकडून घोटून घेतला होता.

गेल्या महिन्यात मात्र घरात बिनसलं. दोनदा गॅस चालूच राहिला. किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "रोज जुनं, पाठ असलेलं काहीतरी विचारत जा. त्यात सोपी चूक झाली, तर वाट बघू नका. घेऊन या."

"मी घेते ह्यांची तोंडी परीक्षा," बाई लगेच म्हणाल्या. डॉक्टरांनी शिंप्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

तेव्हापासून रोज चहानंतर ही परीक्षा.

"पहिले सात?"

"अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस. सातने..." तो अडखळला. "जातो."

"घाबरता कशाला? छडी मारणार आहे का मी?"

"तुझा काय नेम, बाई."

बाई हसल्या. त्याला हसू आलं नाही. एकदा चूक निघाली की तपासण्या, दूर राहणाऱ्या मुलीचे रडके फोन, आणि मग हा दोघांचा संसार असा राहणार नव्हता. उभ्या आयुष्यात त्याला कशाची इतकी भीती वाटली नव्हती.

आठ झाले, नऊ झाले.

"आता पूर्ण आकडा."

सकाळपासून मनात घोळवलेलं उत्तर त्याने पुन्हा एकदा जुळवून घेतलं.

"तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद," तो जपून म्हणाला. "शेवटी शून्य आहे. म्हणून दहाने भाग जात नाही."

तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ओरड, बाई, तो मनात म्हणत होता. कान धर माझा.

बाईंनी शांतपणे खूण केली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "दहापैकी दहा."