नीलपरीवर आज कोण

"तिसऱ्या शर्यतीत सरदार येत नाही," दयाराम म्हणाला. "वजन पाह्य त्याच्यावर. साठ किलो घेऊन ओल्या ट्रॅकवर काय पळते तो?"

रज्जाकने मान डोलावली आणि टपरीवरून आणलेला चहा त्याच्यापुढे सरकवला. दुकानात घरून चहा येणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर रज्जाकचं रद्दीचं दुकान होतं. दर रविवारी दुपारी तिथे या दोन म्हाताऱ्यांचा एक डाव चाले. रद्दीतून पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचा जुना पेपर काढायचा. दिवसभरात कोणते घोडे जिंकतील ते वजन, अंतर आणि जमीन बघून ठरवायचं, आणि मग त्याच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडून निकाल ताडायचा. शर्यती कधीच होऊन गेलेल्या, घोडेही बहुतेक मातीत गेलेले. पण वाद असा रंगायचा की येणारे-जाणारे थांबून बघत. हरणाऱ्याने पुढच्या रविवारचा चहा आणायचा, बस.

दयाराम एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. कानावर पेन्सिल खोचायची सवय काही सुटली नव्हती. डावाचा नियम त्याचाच होता. आपण निवडलेल्या घोड्यावरच्या जॉकीचं नाव खोडायचं आणि तिथे आपलं लिहायचं. म्हणजे कसं, आपणच घोड्यावर बसल्यासारखं वाटतं. बायको सिंधूताई गेल्यापासून त्याच्या घरी वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे डाव संपला तरी तो लवकर उठत नसे.

गेल्या रविवारी एक गंमत झाली होती. निकालाच्या पानावर तुफान घोडा तिसरा आला होता आणि त्याच्यावरच्या जॉकीचं नाव छापलं होतं रज्जाक. पुण्यात आपल्या नावाचा कोणीतरी असेल, म्हणून रज्जाक पोट धरून हसला. दयारामही हसला. पण शर्यतीच्या दिवशीच्या ज्या पानावर रज्जाकने तुफानसमोर आपलं नाव लिहिलं होतं, ते त्याने उजेडात धरलं आणि पेन्सिलीखाली जॉकीचं मूळ नाव काय होतं ते नीट वाचलं. मग ते पान घडी करून खिशात घातलं आणि घरी नेलं.

आज त्याने वरच्या फळीवरचा दोरीने बांधलेला गठ्ठा स्वतःच खाली काढला होता.

"तो नको," रज्जाक म्हणाला होता.

"वीस वर्षं झाली, वागवून राह्यला तू हे. एकदा खेळून तं पाहू."

त्या गठ्ठ्यात रज्जाकच्या मुलाची शेवटची शर्यत होती. आसिम पुण्याला जॉकी होता, जेमतेम बावीस वर्षांचा. पाचव्या शर्यतीसाठी दोन मालकांनी त्याला बोलावलं होतं, म्हणून त्याने फोन करून विचारलं, अब्बा, कोणता घोडा घेऊ? रज्जाकने याच दुकानात बसून, जुने निकाल चाळून सांगितलं, नीलपरी घे. नीलपरी शेवटच्या वळणावर घसरली. आसिम तिथेच गेला. त्याची आई नूरजहां नवऱ्याला त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. फक्त तिने दुकानात चहा पाठवणं बंद केलं. निकालाचा पेपर रज्जाकने कधी उघडला नाही आणि रद्दीत विकलाही नाही.

पहिल्या चार शर्यती त्यांनी नेहमीसारख्या भांडत खेळल्या. पाचवी आली तसा रज्जाकने चष्मा काढून हातात घेतला.

दयारामने नीलपरीसमोरचं नाव सावकाश खोडलं. एक अक्षरही दिसू नये असं खोडलं.

"नीलपरीवर आज मी बसतो," तो म्हणाला.

"ती पडते, बे. तुले माहीत आहे."

"कागदावर पडून कोणाले लागते?"

त्याने तिकिटांचा हिशेब लिहावा तसं सुबक अक्षरात लिहिलं, दयाराम. सहाव्या शर्यतीतही आसिमचं नाव होतं, शहजादा नावाच्या घोड्यावर. ती शर्यत त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. रज्जाकने तिथे पेन्सिल नेली तेव्हा दयारामने त्याचा हात धरला.

"इथं आसिमच राहू दे," तो म्हणाला. "उघड आता."

पेपरची पानं एकमेकांना चिकटली होती. रज्जाकने ती नखाने सोडवली. पाचवी बघायचा धीर होईना, म्हणून त्याने आधी सहावी बघितली.

पहिला, शहजादा. जॉकी, आसिम.

त्याने ते तीनदा वाचलं. मग बोट वर नेलं. पाचव्या शर्यतीखाली दोन ओळींची बातमी होती. नीलपरी शेवटच्या वळणावर घसरली. जॉकी दयाराम जागीच ठार.

"दयाराम, हे पाह्य..."

समोरचं बाकडं रिकामं होतं. रस्त्यावर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि लांबपर्यंत कोणी जाताना दिसत नव्हतं. पानावर त्याची पेन्सिल पडलेली होती. ती रज्जाकने उचलली.

दुकानाची पायरी चढून चाळिशी ओलांडलेला एक माणूस आत आला. कानाजवळचे केस पिकलेले. त्याच्या हातात कपबशी होती, घरची, निळ्या फुलांची.

"अब्बा, अम्मीनं चहा पाठवला."

रज्जाकने त्याचं मनगट घट्ट धरलं. ते उबदार होतं. डोळे भरून आले तरी त्याने ते मनगट सोडलं नाही.

"हा दयारामले दे आधी," तो शेवटी म्हणाला. "आत्ता इथंच होता."

"कोण दयाराम?"

रज्जाकने सांगायला तोंड उघडलं. मग त्याने हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं, आणि ती कोणाची हे त्यालाही आठवेना.