रविवारी येते म्हणालीस

झेल्मा प्रुइट दारातून आत आली आणि पार्लरमधल्या बायका एकदम गप्प झाल्या. रेडिओ मात्र चालूच होता. तिच्याच मुलाचं गाणं लागलं होतं.

*रविवारी येते म्हणालीस,*
*रविवार किती आले, गेले…*

वसंतात गाण्याची तबकडी निघाली आणि उन्हाळा सरायच्या आत डेलमर प्रुइटचं नाव देशभर झालं. महामार्गावरच्या प्रत्येक खाणावळीत ते गाणं वाजत होतं. गावातल्या दुकानात तबकड्या येत आणि त्याच दिवशी संपत. ओहायोहून, जॉर्जियाहून गाड्या भरभरून माणसं टेनेसीच्या या डोंगरात येत आणि गाण्यातलं ते फाटक कुठलं म्हणून विचारत. उद्या चर्चच्या आवारात डेलमरचा सत्कार होता. आईला मंचावर बसवणार होते, म्हणून ती केस करून घ्यायला आली होती.

"या काकू," लोव्हेला म्हणाली. पार्लर तिचंच. तिनं झेल्माला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि तिची मान हलकेच मागं बेसिनवर टेकवली.

बर्नीसला राहवेना. पोस्टमास्तरची बायको ती. एखादी गोष्ट अर्धवट कळली की तिला घास उतरत नसे. ड्रायरखालून डोकं बाहेर काढून ती म्हणाली, "लोव्हेला, आता तरी सांग बाई. गाण्यातली पोरगी तूच ना? शाळेत तुझ्याच मागं होता तो."

"मागं नव्हता. शेजारी राहायचा."

"मग कोण?"

"काकूंना विचार की," नखांचा रंग वाळवत बसलेली वांडा म्हणाली. "आईला सांगितलंच असेल त्यानं."

"मला कशाला सांगतोय," झेल्मा डोळे मिटूनच म्हणाली.

रेडिओवर पुढचं कडवं आलं.

*चूल विझली, बूट ओले,*
*फाटकापाशी मीच उभा…*

"हे बघ, माझं घोडं इथंच अडतं," बर्नीस म्हणाली. "मैत्रीण सोडून गेली तर पोराच्या घरची चूल कशी विझेल? ती काय चूल पेटवायला येत होती?"

"आणि ते खिशाचं? शिवायचा राहिलेला फाटका खिसा?" वांडा म्हणाली. "कुठली पोरगी खिसे शिवत बसते? मी तर लग्न झाल्यावरही शिवले नाहीत."

दोघी हसल्या. मग बर्नीसचं हसू मध्येच थांबलं. "म्हणजे घरातलंच कुणीतरी…" ती सावकाश म्हणाली.

झेल्माची मान लोव्हेलाच्या तळव्यात होती. ती लाकडासारखी ताठ झाली.

"मीच ती," लोव्हेला म्हणाली.

बर्नीसनं वळून पाहिलं.

"आमची आई त्यांच्याकडं मक्याची भाकरी पाठवायची. ती घेऊन मीच जायचे. चूल पेटवायचे, हाताला लागेल ते शिवायचे. एकदा रविवारी येते म्हटलं, आणि दुसऱ्याच्याच मोटारीत बसून जत्रेला गेले. झालं समाधान?"

"आणि इतके दिवस नाही नाही म्हणत होतीस."

"नवऱ्याला कळू नये म्हणून. आता कळेलच, तू आहेस ना."

बर्नीसला टोमणा लागला नाही. तिचे केस अजून ओले होते, पण तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली. वांडाही ओली नखं फुंकत तिच्या मागोमाग गेली. काचेतून दोघी रस्ता ओलांडताना दिसल्या, समोरच्या किराणा दुकानाकडं.

लोव्हेलानं रेडिओ बंद केला.

"तू कधी चूल पेटवायला आली नव्हतीस," झेल्मा म्हणाली.

"नाही. भाकरीचं तेवढं खरं. तो फाटकापाशी उभा असायचा. मी ताट देऊन पळून यायचे."

"आजारी बहिणीकडं जाते, असं सांगितलं होतं मी सगळ्यांना. मला बहीणच नाही."

"आमच्या आईला वाटायचंच तसं."

"पण मी परत आले, लोव्हेला. ते त्यानं गाण्यात घातलं नाही."

"परत आलेल्या बाईचं गाणं कोण विकत घेईल, काकू?"

झेल्माच्या ओठांची कड किंचित हलली. "मी आले तेव्हा दार त्यानंच उघडलं. तेवढ्या दिवसांत केवढा उंच झाला होता. म्हणाला, बटाटे उकडलेत, जेवायला बस. एवढंच. आता सगळा मुलूख विचारतोय, ती कोण, कुठं गेली. त्यानं मला आजवर एका शब्दानं विचारलं नाही. मी वाट बघायचे. आज विचारेल, उद्या विचारेल."

लोव्हेलाचे हात थांबले. इतकी वर्षं शेजारात काढून तिनंही कधी विचारलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. न विचारणं हाच भलेपणा, असं ती समजत आली होती.

"कुठं गेल्या होतात, काकू?"

झेल्मानं डोळे उघडले.

"आधी डोकं धू," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."

लोव्हेलानं जाऊन दाराला कडी लावली. परत येऊन नळ सोडला आणि धारेखाली मनगट धरून पाणी कोमट होईपर्यंत थांबली.