माफीची तारीख

पगारावर कर नसलेल्या देशात, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका सातव्या मजल्यावर, बेसिल आपण कंगाल असल्याचं सिद्ध करत होता. पासपोर्ट अमेरिकेचा, त्यामुळे दरवर्षी तिथलं कर-विवरण भरणं आलंच. यंदा त्यात एक नवी रक्कम होती: बँकेने माफ केलेलं, क्रेडिट कार्डाचं साठ हजार डॉलरांचं कर्ज. त्या देशाच्या कायद्यात माफी हे उत्पन्न असतं.

"टॅक्स तीस हजार दिरहम, म्हणजे सात लाख रुपये," सल्लागार शोभना म्हणाल्या. "मात्र माफीच्या दिवशी, म्हणजे नऊ मार्चला, तुमची सगळी मालमत्ता विकूनही देणी फिटली नसती, तर टॅक्स खलास. एक दिरहमही नाही."

"मॅडम, माझ्याकडे होतं काय? एक जुनी गाडी."

"नऊ मार्चला भारतात तुमच्या नावावर काही?"

"काही नाही. घर मम्मीचं."

"विचारून घ्या. ही सही शपथेवर असते."

त्याने वसईला फोन लावला. स्पीकरवर आधी कोंबड्या ऐकू आल्या, मग आई.

"मम्मी, घर तुझ्याच नावावर आहे ना?"

"होतं!" तिला हसू आवरेना. "नाताळात आलास की सांगणार होते. तुला बक्षीसपत्र करून दिलंय. लॉयडकडे तुझं मुखत्यारपत्र होतंच, त्यानेच तुझ्यातर्फे सही केली. धाकटा असून कुरकुरला नाही हो."

"कधी?"

"दोन मार्चला. तुझ्या त्या बँकेचं ऐकलं आणि जीव थाऱ्यावर राहीना. म्हटलं, काही झालं तरी पोराच्या डोक्यावरचं छप्पर कुणी काढता कामा नये. फाटकावर तुझ्या नावाची पाटी लावलीय. फोटो पाठवलाय, बघ."

फोन बंद झाला. शोभनांनी कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.

"नऊ मार्चला तुम्ही श्रीमंत होता, बेसिल."

"बक्षीसपत्र रद्द केलं तर?"

"आज केलंत तरी नऊ मार्च बदलत नाही."

"आणि लिहिलंच नाही तर?"

"तर सल्लागार दुसरा शोधा."

"आठ हजार दिरहम पगार माझा, मॅडम. सात लाख आणू कुठून?"

त्यांनी यादीतल्या स्थावर मालमत्तेच्या रिकाम्या ओळीवर पेन टेकवलं. "घर आहे की."

बेसिलने फोटो उघडला. पितळेची नवी पाटी, तीवर त्याचं पूर्ण नाव. आतलं अंगण रिकामं होतं. पाटी झाकली जाऊ नये म्हणून आई फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहिली होती.