निम्मी मेंढी

अर्जुनरावांच्या मेंढ्या कडूबाई बटईने राखायची. निम्मी कोकरं तिची, त्यांतूनच तिला स्वतःचा कळप उभा करायचा होता. एक मेंढी रोगाने मेली. तिने कातडं सोलून ती पुरली आणि पुरावा म्हणून ते कातडं घेऊन उमापूरला अर्जुनरावांच्या घरी आली.

अर्जुनरावांनी कातडं हुंगलं. “अन् मटण गं? माझ्या निम्म्याचे निजामाच्या शिक्क्याचे दोन हाली रुपये टाक, न्हाई तर तुझी कोकरं माझी.”

“मालक, सडलेलं व्हतं ते. कुत्रं सुदीक शिवलं न्हाई.”

“माझी निम्मी वाटणी मला पायजे.”

दोन दिवसांनी कडूबाईने मेंढी उकरली, निम्मी तोडली आणि आणून त्यांच्या ओट्यावर आपटली. वास सगळ्या गल्लीत पसरला.

अर्जुनरावांनी नाकाला उपरणं लावलं, वाकून काठीने किडे बाजूला सारले आणि म्हणाले, “यात कलेजी कावून न्हाई?”